बदली

पुतण्या पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा हिने पुडा हातात घेण्याआधीच विचारलं, "लग्न ठरलं की कंपनी बदलली?"

कंपनीच बदलली होती. चार वर्षांतली तिसरी. आमच्या घराण्यात नोकरी सुटते ती एकदाच, साठाव्या वर्षी, शाल आणि नारळ घेऊन. मी स्वतः एका बँकेत 36 वर्षं काढली. नांदेड, परभणी, आदिलाबाद, निजामाबाद करत हैदराबादला टेकलो. दर बदलीला ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढायची तुळस आणि सगळ्यात आधी फुटायची ती लोणच्याची बरणी. तरी मी 'स्थिर माणूस', आणि हा काचीगुड्याच्या एकाच खोलीत राहून 'धरसोड्या'.

'बदली' हा शब्द मराठीत फार सोशिक आहे. सरकारी नोकराची होते ती बदली, गिरणीत कायम न झालेला कामगार तोही बदली, आणि मैदानात दमलेल्याच्या जागी उतरतो तो बदली खेळाडू. पण चार पैसे जास्त मिळतात म्हणून जो आपणहून पलीकडे जातो, त्याला काय म्हणायचं? 'फितूर' तेवढा आठवतो, आणि तो कमरेला तलवार लावूनच येतो.

"काका, फुटबॉलवाले संघ बदलतात तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता," पुतण्या म्हणाला.

त्याचं खरं होतं. 2022 च्या मार्चमध्ये हैदराबाद एफसीने फातोर्ड्याला केरळला पेनल्टींवर हरवून आयएसएल जिंकली, तेव्हा मी या दिवाणखान्यात नाचलो होतो. 88 व्या मिनिटाला बरोबरीचा गोल करणारा साहिल तावोरा गोव्याचा, पेनल्टी अडवणारा कट्टीमणीही गोव्याचा, आणि कर्णधार जोआओ व्हिक्टर ब्राझीलचा. मधल्या फळीतला हा माणूस स्पेन, सायप्रस, उझबेकिस्तान, कतार अशी पाणी चाखत आपल्या बिर्याणीपर्यंत पोहोचलेला. खुद्द हा संघच बदलीवर आलेला. पुण्याचा संघ बंद पडला आणि 2019 मध्ये त्यातले बरेच खेळाडू बालेवाडीहून उचलून गच्चीबावलीत आणले. पुढे 2025 मध्ये संघाची रवानगी दिल्लीला झाली. एवढ्या बदल्या तर आमच्या बँकेनेही माझ्या केल्या नसतील.

पण मधल्या फळीचा माणूस म्हणजे काय, हे मला टीव्हीने नाही, आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या इराणी हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दाखवलं. ते बशीतली उस्मानिया बिस्किटं टेबलावर मांडायचे. मिठाची बाटली म्हणजे गोल. मग मधलं एक बिस्किट बोटाने सरकवत मागे आणायचे, चेंडू काढून घ्यायचा, तेच बिस्किट पार पुढे न्यायचे. "बडे मियाँ ऐसे थे. इधर भी, उधर भी." मला रेल्वेतली मधली बर्थ आठवायची. खालचा उठेपर्यंत बसायचं नाही, तोच झोपल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, आणि तक्रार कुणी ऐकायची नाही. दाखवून झालं की गृहस्थ बाकीचा संघ चहात बुडवून खायचे. बडे मियाँ शेवटी.

बडे मियाँ म्हणजे मोहम्मद हबीब. जन्म 1949 चा, इथलाच. हैदराबादच्या फुटबॉलचा तोवरचा डंका सिटी पोलिसांच्या संघाचा. सय्यद अब्दुल रहीम या शाळामास्तरांच्या तालमीत त्या पोरांनी 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप उचलला. पण ते पडले पोलीस. त्या काळी फुटबॉल खेळणारा कुठल्या तरी खात्याचा नोकर असायचा. सकाळी हजेरी, संध्याकाळी सामना. हबीबनी नोकरी धरलीच नाही, फुटबॉलवरच चूल पेटवली. म्हणून तर त्यांना देशातला पहिला खरा व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणतात. असं स्थळ आमच्याकडे आलं असतं तर? "मुलगा काय करतो?" "हाफ खेळतो." "आणि उरलेला अर्धा दिवस?"

कलकत्त्यात ते ईस्ट बंगालकडून खेळले, मोहन बागानकडून खेळले, मोहम्मेडनकडूनही खेळले, आणि तेही एकेकदा नव्हे. लाल-सोनेरी उतरवून हिरवा-तांबडा, तो उतरवून काळा-पांढरा, की पुन्हा पहिला. तिथे म्हणे ईस्ट बंगाल जिंकली की हिलशाचा भाव चढतो आणि बागान जिंकली की कोळंबीचा. हबीबनी दोन्हीकडच्या मासळीवाल्यांना हात दिला. 1977 च्या सप्टेंबरात पेले न्यूयॉर्क कॉसमॉसबरोबर ईडन गार्डन्सवर आले. पावसाने मैदानाची खिचडी झालेली, लोकांचे डोळे पेलेवर. सामना 2-2 सुटला आणि बागानच्या दोनांतला एक गोल हबीबचा. आमचे गृहस्थ हा गोल मांडताना बिस्किट फार जपून सरकवायचे, कारण टेबल पुसलेलं नसलं तर मैदानही त्याच प्रतीचं व्हायचं.

मला मात्र कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या तिन्ही क्लबांचे तंबू कलकत्त्याच्या एकाच मैदानावर, पायी जाण्याच्या अंतरावर. म्हणजे हबीबनी गाव ठेवलं आणि सदरा बदलला. मी सदरा ठेवला आणि गावं बदलली. घाम दोघांचा गेला, पण बरणी फुटली ती माझीच. शिवाय ज्याला सोडून गेले त्याच क्लबाने त्यांना पुन्हा बोलावलं. माझ्या परभणी शाखेने निरोप समारंभात घड्याळ दिलं, पण परत या म्हणून कुणी म्हणाल्याचं स्मरत नाही.

15 ऑगस्ट 2023 ला बडे मियाँ हैदराबादेतच गेले. दुसऱ्या दिवशी हॉटेलात गृहस्थांनी बिस्किटं मांडली नाहीत. बशी तशीच भरलेली ठेवून दोन कप चहा घेतला, आणि मुलगा टेबल पुसायला आला तेव्हा त्याला हाताने थांबवलं.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं, पेढ्यांचा पुडा निम्मा होईपर्यंत. ही दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी तिच्याने राहवेना.

"ते असू दे. पण नवीन हापीस आहे कुठे? डबा किती वाजता लागेल?"

"तेवढ्याच वाजता, काकू. इमारत तीच आहे. फक्त दोन मजले वर."