अंदमानवीर

ट्रॅव्हल कंपनीची टोपी घालून अंदमानहून परत येणाऱ्या आणि पुढं कित्येक वर्षं ती न उतरवणाऱ्या काकांची ही जात. सावरकरांची कोठडी, राधानगरचा किनारा हे सगळं ते दोन वाक्यांत उरकतात. त्यांना सापापर्यंत पोचायची घाई असते.

"एलिफंट बीच. पाणी छातीभर." इथं हात छातीवरून गळ्यापर्यंत चढतो. "तोंडात नळी, आणि पायाखाली काळे-पांढरे पट्टे! दोन हात लांब... दोन कसले, पुरुषभर! समुद्रसर्प! नागाच्या दहापट विष."

"तुम्ही गाइडच्या रिंगला लटकला होतात," चहा गाळता गाळता काकू म्हणतात.

काका थांबत नाहीत. थांबवते ती प्राणिशास्त्र शिकणारी पुतणी. गाइडनं काढलेला फोटो ती मोबाइलवर मोठा करते. कोपऱ्यात काकांचा अंगठा, मध्ये वाळू, वाळूवर पट्टे.

"काका, हा साप नाही, मासा आहे. वामेच्या गोतातला. समुद्रसर्पाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. ही बघा, टोकदार आणि टणक. हिच्याच जोरावर तो वाळूत उलटा घुसतो, आधी शेपूट, मग डोकं. अंगावर खवले नाहीत, पाठीवर हा पातळ पर. सापाला श्वासासाठी वर यावं लागतं, याला कल्ले आहेत. वाढून वाढून मीटरभर. विष शून्य."

"मग पट्टे कशाला?"

"विषारी सापासारखे दिसावेत म्हणून. सापाच्या भीतीनं मोठे मासे वाटेला जात नाहीत, असं मानतात."

म्हणजे जवळ काही नसताना नुसत्या रुबाबावर दिवस काढायचे. धंदा दोघांचा एकच, पण त्यातल्या एकालाच दिवाणखाना लागतो.

काका दुखावतात. "वाम मी लहानपणापासून तळून खातोय. मला शिकवू नकोस," म्हणून फोन परत घेतात. आता साप मिटला, असं आपल्याला वाटतं. तेवढी ओळख या जातीशी पुरत नाही.

पुढच्याच महिन्यात शेजारी सत्यनारायण. हातात शिऱ्याचा द्रोण, डोक्यावर टोपी, भोवती अंदमानचं बुकिंग केलेलं एक नवं जोडपं.

"सगळे 'साप, साप' करत किनाऱ्याकडे पळाले," काका सांगत असतात. "मी मात्र श्वास रोखून आधी शेपटी बघितली!"