मध्यस्थाबिगर लगीन कुठलं!

“काय गं, विद्यापीठातली लेक घरी आलीय म्हणं? रातच्याला दोन वाजेपर्यंत लाईट चालू होती. कोणाशी बोलायली होती इतकं?”

“मी बोलत नव्हती मावशी, अभ्यास करायली होती. यीस्टच्या लग्नाचा.”

“यीस्टचं लगीन! पावात टाकतेत त्या यीस्टचं?”

“तेच. त्यांच्यात नर-मादी नाही, ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन प्रकार. ‘ए’चं जमतं ते ‘अल्फा’शीच.”

“म्हंजे सगोत्र तिथंही चालत नाही! मंग जमतं कसं?”

“एक जण रसायन सोडतो, दुसऱ्याच्या पेशीला बाहेर ते कळतं. आत निरोप न्यायला तीन प्रोटीनं. ‘स्टे-११’ उठवतं ‘स्टे-७’ला, ते उठवतं ‘फस-३’ला. पण पेशीतल्या गर्दीत त्यांची गाठ पडावी कशी? म्हणून ‘स्टे-५’ नावाचं चौथं प्रोटीन तिघांना एका जागी धरतं. १९९४ साली हे उघडकीला आलं. ते नसलं, की लग्नच होत नाही.”

“मध्यस्थ म्हण की! करायचं काही नाही, बैठक बसवायची अन् चहा प्यायचा.”

“आधी शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. पण नुसतं शेजारी बसवून ‘फस-३’ उठत नाही. ‘स्टे-५’ त्याला असं वळवतं, की त्यानं ‘स्टे-७’चं ऐकावं.”

“समजूत घालतंय. खरा मध्यस्थ हाय मंग.”

“अन् पुढची गंमत ऐका. ते ‘स्टे-११’ खारं पाणी सोसायच्या कामातही असतं. तिथला मध्यस्थ वेगळा, ‘पीबीएस-२’. कॅलिफोर्नियातल्या वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेनं २००३ मध्ये हे दोन्ही मध्यस्थ जोडून एक केला.”

“अगं बाई! मंग?”

“रसायन आलं लग्नाचं, अन् पेशी तयारीला लागली खाऱ्या पाण्याच्या!”

“स्थळ दाखवलं सेलूचं, वरात गेली जिंतूरला!”

“कामाचे गडी मात्र तेच होते. उत्क्रांतीतही तसंच दिसतं. गडी लई जुने, त्यांचे भाऊबंद आपल्याही पेशीत हायेत. ‘स्टे-५’ मात्र उशिरा आलेलं. आफ्रिकेतल्या बाजरीच्या दारूत सापडलेलं एक यीस्ट हाय, त्याच्यात ‘स्टे-५’ नाहीच, तरी लग्नं होतात.”

“मंग मध्यस्थ पाहिजे कशाला?”

“गडी बदलायचा म्हणजे धोका. एकच गडी चार कामांत, एक सुधारायला जावं तर तीन बिघडायची. मध्यस्थ बदलला, की त्याच माणसांतून नवी सोयरीक जमते. पेशीला नवीन काम शिकायची ही एक सोपी वाट.”

“मंग धा मध्यस्थ ठेवावेत!”

“तिथंच फसतं. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या पेशीत ‘केएसआर’ नावाचा असाच एक मध्यस्थ हाय. थोडा असला तर निरोप जोरात जातो, फार झाला तर अडतो. एकानं एकाला धरून ठेवायचं, दुसऱ्यानं दुसऱ्याला. पुरी बैठक कुठंच बसत नाही.”

“अस्सं! म्हणून त्या कोपऱ्यावरच्या पोरीचं जमंना. मामा मानवतचं स्थळ धरून बसलाय, आत्या गंगाखेडचं, अन् बाप दोघांच्या फोनची वाट बघायलाय. सांगते आज तिच्या आईला, एकाला घरी बसव म्हणून.”

“कोणाला बसवायला सांगणार?”

“आत्याला. मामाच्या स्थळाची बोलणी मीच लावलीय ना!”