नेटवर्कला अपात्र

मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्पात दोन प्रकारच्या इमारती उभ्या राहतात: विक्रीची आणि पुनर्वसनाची. पहिलीत रहिवाशाच्या आधी फायबर येऊन बसते. दुसरीत रहिवासी आधी येतो आणि फायबरची वाट पाहत बसतो. पुनर्वसन प्राधिकरण 1995 साली स्थापन झाले. मोफत घर पुढे 225 चौरस फुटांवरून 269 आणि तिथून 300 चौरस फुटांवर गेले. मोबाइलची रेंज मात्र खिडकीच्या ग्रिलपाशीच थांबली. परिणामी, कागदोपत्री 300 चौरस फुटांत राहणारे कुटुंब संध्याकाळी ग्रिलला चिकटून राहते.

यामागे भौतिकशास्त्र असल्याने कोणाही अधिकाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. काँक्रीटमधून जाताना लहरी क्षीण होतात आणि वारंवारिता जितकी जास्त, तितक्या अधिक. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत दोन इमारतींतले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. जिथे उन्हाला शिरता येत नाही, तिथे फाइव्ह-जीने शिरावे ही अपेक्षा अवाजवी ठरते. बांधतानाच डक्ट ठेवून फायबर आत घेणे हा यावरचा सोपा उपाय. तो विक्रीच्या इमारतीत न चुकता केला जातो.

मोजमापात मात्र प्रगती आहे. 512 केबीपीएसला ब्रॉडबँड मानण्याची पद्धत 2023 मध्ये बंद होऊन किमान वेग 2 एमबीपीएस ठरला. तो घरात मिळतो की जिन्यात, हा प्रश्न व्याख्येच्या बाहेरचा.

घराघरात वायर नेण्यापेक्षा नाक्यावर वाय-फाय देणे स्वस्त. म्हणून 2018 च्या दूरसंचार धोरणाने 2022 पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे उद्दिष्ट ठेवले. डिसेंबर 2020 मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली: कोणाही वाण्याने किंवा चहावाल्याने परवान्याशिवाय आणि शुल्काशिवाय वाय-फाय विकावे. 2022 साल वेळेवर आले; हॉटस्पॉटची संख्या लाखांतच अडकली. परवाना लागत नव्हता, पण दुकानदाराला स्वतःची इंटरनेट जोडणी महागड्या व्यावसायिक दराने घ्यावी लागे. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने हा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त नसावा, असे ठरवले. गरीब वस्तीला इंटरनेट विकणाऱ्या टपरीवाल्याला अशी दुप्पट भरण्याची सवलत मिळाली.

इमारतींना डिजिटल जोडणीचे तारे देणारे नियमही ट्रायने 2024 मध्ये आणले. मूल्यांकन ऐच्छिक आहे आणि त्याचा खर्च इमारतीच्या व्यवस्थापकांनी सोसायचा आहे. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या सोसायट्यांची अद्याप ताऱ्यांसाठी झुंबड उडालेली नाही.

सरकारी कामे तोपर्यंत ऑनलाइन झाली आहेत. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी संकेतस्थळावरून करायची होती. तिला ओटीपी लागे, आणि ओटीपीची मुदत साधारणतः तिसऱ्या मजल्यावरून रेंजपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडी कमी असते.

इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले. पुनर्वसनाच्या इमारतीत हा हक्क गच्चीवर उत्तम बजावता येतो. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते.