बिनपगारी बारगीर

मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, वर पगारही. तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात चालणाऱ्या आमच्या घोडेस्वारीच्या क्लासाने तिसरा प्रकार काढला आहे. घोडा क्लासचा, हेल्मेट माझं, बूट माझे, आणि पगार दरमहा मीच देतो.

तक्रार पैशाची नाही. तक्रार तंगाची आहे. खोगिराचा तंग आवळायला घेतला की क्लासचा घोडा बादल छाती भरून श्वास घेतो आणि पोट फुगवून उभा राहतो. तंग घट्ट बसल्यासारखा वाटतो. मी वर चढलो की तो श्वास सोडतो आणि खोगीर मला घेऊन सावकाश एका अंगाला निघतं. वस्तादांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "जनावर लई हुशार आहे." फी भरणाऱ्याबद्दल असा गौरवाचा शब्द त्यांच्या तोंडून अजून निघालेला नाही.

चढायचंही डावीकडूनच. का, तर तलवार डाव्या कमरेला लटकते, ती आड येऊ नये. तलवार गेली, डावी बाजू राहिली. माझा डावा गुडघा दुखतो ही गोष्ट इतक्या जुन्या परंपरेपुढे मांडायला मलाच संकोच होतो.

इथे परंपरा जरा जास्तच आहे. गाव ढमढेरे सरदारांचं. 1751 साली निजामाची फौज बुसीच्या फ्रेंच तोफा घेऊन या बाजूला आली, तेव्हा तिने हे गाव पार उद्ध्वस्त केलं. 1817 मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्सचे स्वार शिरूरच्या छावणीत होते. आणि भीमथडीची तट्टं तर 2023 पासून थेट राज्यगीतात. एवढं सगळं आसपास असल्यावर पारावरच्या प्रत्येकाला वाटतं की घोड्यावर बसणं शिकावं लागतच नाही. "अरे, रक्तातच आहे ते आपल्या," असं आमचे तात्या सांगतात. तात्या उभ्या आयुष्यात एम-एटीच्या वर चढलेले नाहीत.

वर्गात माझ्याखेरीज सगळे तिसरी-चौथीतले. त्यांचे आईवडील कुंपणाला टेकून मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि त्या प्रत्येक व्हिडिओत मागून मी जातो. मुलं मदतीला तत्पर आहेत. "काका, टाचा खाली!" "काका, नजर समोर!" "काका, लगाम ओढू नका, त्याचं तोंड दुखतं!" माझं काय दुखतं, याची चौकशी अभ्यासक्रमात नाही.

दुडकीचं शास्त्र सोपं सांगितलं जातं. घोड्याची चाल दोन ठेक्यांची, एका ठेक्यावर उठायचं, दुसऱ्यावर टेकायचं. मी उठतो तेव्हा बादल वर येतो, इथवर ठीक. मी टेकतो तेव्हाही तो वरच येतो, याची दखल कोणी घेत नाही.

क्लासात एक घोडीही आहे, भीमथडी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, देशातली घोड्यांची आठवी. म्हणजे तिच्या कुळाची सरकारदप्तरी नोंद झाली. माझी क्लासच्या वहीतली नोंद अजून 'जाड काका' अशी आहे. घोडी ठेंगणी, जमीन जवळ, म्हणून मला ती मनापासून आवडायची. पण इकडच्या शर्यतींच्या घाटांत बैलगाड्यापुढे घोडी पळवतात, आणि हिचं मूळ शिक्षण तिथलं. मागून बैल आला की पळायचं, एवढंच तिला ठाऊक. एकदा शेजारच्या बांधावरून कुणी खोंड नेला. चौखूर पळवणं हा धडा पुस्तकाच्या शेवटी आहे, मला तो मधेच मिळाला. त्याची वेगळी फी घेतली नाही, हे नमूद केलं पाहिजे. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती वैध ठरवल्या. निकालाचा आदर आहेच. फक्त जत्रांच्या दिवसांत घोडी घाटात असते आणि आम्ही सगळे मिळून बादलवर.

गळीत हंगामात न्हावऱ्याच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या मोठ्याने गाणी लावून जातात. घोडा आवाजाला बुजतो असं पहिल्याच तासाला शिकवलं होतं. बादल बुजत नाही. तो थांबतो, कान टवकारतो आणि ठेका ओळखीचा निघाला तर पुढचे दोन्ही पाय उचलून नाचायला लागतो. हा त्याचा मुख्य धंदा आहे, वरातीचा. आम्ही त्याच्या रिकाम्या वेळातले. नवरदेवाचं बरं असतं. त्याला कोणी टाचा खाली करायला सांगत नाही, लगाम दुसऱ्याच्या हातात असतो, शिवाय फेटा मिळतो.

आता तुळशीची लग्नं झाली. वस्तादांचा निरोप आला आहे की तिथी दाट आहेत आणि बादल शिक्रापूरपासून पाबळपर्यंत बुक आहे. ज्यांना तास बुडवायचा नसेल त्यांनी संध्याकाळी वरातीला यावं, मंगल कार्यालयापर्यंत लगाम धरून चालायला मिळेल. फी तीच. येताना पांढरा सदरा घालून या म्हणाले.