शाश्वत भागीदारी कशी जमवावी : नवशिक्यांसाठी धाराशिव आवृत्ती

जागतिक आरोग्याच्या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्याने आधी जिल्हा निवडावा. रोग नंतर निवडता येतो. धाराशिव त्यासाठी फार सोयीचा. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव दिले, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि हा, असे चार जिल्हे यादीत आले. म्हणजे प्रस्तावाचा पहिला परिच्छेद आयताच मिळाला. एक पथ्य पाळावे. पहिल्या पानावर जुने नाव उस्मानाबाद आणि शेवटच्या पानावर धाराशिव असे लिहू नये. निधी देणाऱ्याला ते दोन जिल्हे वाटतात आणि तो लाभार्थी दुप्पट करून मागतो.

मग भागीदार जमवावेत. जिनिव्हाचा एक असावा, तो लोगोसाठी. दिल्लीचा एक, तो जिनिव्हाच्या ईमेलचे उत्तर देण्यासाठी. मुंबईची एखादी कंपनी असावी, कारण 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक उलाढाल-नफ्याच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले आहेत आणि मार्च जवळ आला की ते खर्च व्हायचे राहिलेले असतात. सर्वांत शेवटी ‘अंमलबजावणी भागीदार’ शोधावा. म्हणजे ज्याच्याकडे मोटारसायकल आहे आणि ज्याला कळंब-वाशीकडची गावे तोंडपाठ आहेत तो. करारावर त्याची सही शेवटी येते आणि काम पहिल्या दिवसापासून तोच करतो.

पैसा परदेशातून येणार असेल तर खाते दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत काढावे लागेल. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीपासून तसे बंधनच आहे. तुमचे गाव भूमच्या पुढे असले तरी. त्याच दुरुस्तीने आणखी एक काम केले. मोठ्या संस्थेने घेतलेला परदेशी पैसा छोट्या संस्थेकडे वळता करायला बंदी आली आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. म्हणजे भागीदारी जरूर करावी, फक्त भागीदाराला पैसे देऊ नयेत. नवशिक्याने यात विसंगती शोधत बसू नये, सनदी लेखापाल शोधावा.

अंदाजपत्रकात ‘लोकसहभाग’ नावाचा रकाना असतो. तो भरायला सोपा. गावातल्या तीस बायका चार तास बैठकीला बसल्या, त्यांच्या वेळेची किंमत काढली, की झाला स्थानिक वाटा जमा. त्या बायकांची एक समिती मात्र करावीच. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आधीपासून आहे, तिला थोडाफार अबंधित निधीही येतो, हे कुणी सांगितले तर मान डोलवावी आणि नवी समिती करावी. सदस्य त्याच राहतात. आशाताई दोन्हीकडे सचिवासारखी राबते आणि तिच्या पिशवीत आणखी एक रजिस्टर वाढते. गरोदर बाईचे नाव ती आता चार ठिकाणी लिहिते: सरकारच्या वहीत, मोबाइलमध्ये, तुमच्या रजिस्टरात आणि तुमच्या मोबाइलमध्ये. चारही ठिकाणी पाळीची तारीख एकच आली तर तुमचा दिल्लीचा भागीदार त्याला ‘डेटाची गुणवत्ता’ म्हणेल.

सर्वेक्षण केव्हा करावे, हा या विद्येचा गाभा आहे. पहिली पाहणी ऑगस्टमध्ये करावी. गाव भरलेले असते. अंगणवाडीत काट्याला झोळी अडकवून पोरे एकेक करून तोलता येतात, ती रडतात, आया हसतात, फोटो चांगले येतात. दुसरी पाहणी जानेवारीत ठेवावी. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली असतात, सोबत लहानगी पोरेही. घरात म्हातारी आणि शेरडं. ज्यांचे वजन कमी होते तीच मुले नेमकी फडाजवळच्या कोपीत असल्यामुळे गावातले कुपोषण एकदम घटलेले दिसते. हा परिणाम कोणत्याही पोषण आहाराने इतक्या थोड्या दिवसांत साधत नाही. शिवाय जानेवारीत हुरडा असतो. परदेशी पाहुण्याला शेतात बसवून हुरडा, दही आणि शेंगदाण्याची चटणी दिली की मूल्यमापनाचा सूर बदलतो. एप्रिलात आणला तर त्याला सलाइन लावावे लागेल, आणि मग जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था त्याला जवळून दिसेल.

आता धोक्याची सूचना. या भागात काही जुनी उदाहरणे आहेत. नवशिक्याने त्यांच्यापासून जपून राहावे.

भूमहून खर्ड्यामार्गे पुढे गेले की जामखेड लागते. तिथे 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम सुरू केले. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात मुक्कामाला राहीनात, म्हणून त्यांनी गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवले. त्या बायका ठरल्या दिवशी जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत जाऊन बाळंतपणे करायच्या, पोरांना जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी पाजायच्या. सुरुवातीला त्या गावांत हजारी 176 बालके वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा पंचविशीच्या आसपास आला. 1978 च्या अल्मा-आता परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो मार्ग मान्य केला, त्यामागे जे मोजके दाखले होते त्यात जामखेड होते. म्हणजे जिनिव्हाने धडा इकडून नेला. हे प्रस्तावात लिहू नका. मग आपण काय शिकवायला चाललो, असा प्रश्न येतो.

दुसरे उदाहरण भूकंपाचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा कोसळला, आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मदत जगभरातून आली. जागतिक बँकेच्या कर्जातून हजाराहून अधिक गावांत घरदुरुस्तीचे काम निघाले, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. इंजिनिअरने काय सांगितले ते घरोघर समजावायचे आणि सिमेंट कमी पडले तर इंजिनिअरला जाब विचारायचा, असे दुहेरी काम. बँकेचा प्रकल्प संपला. त्या बायका संपल्या नाहीत. बचत गट, पाणी, आरोग्य, पुढे अर्ध्या-एक एकराची अन्नाची शेती, असे त्यांचे चालूच राहिले आणि 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक त्या संस्थेला मिळाले.

तिसरे उदाहरण सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे अणदूर. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने तिथे खेड्यातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. ‘आशा’ ही सरकारी योजना त्याही नंतरची, 2005 नंतरची, हे लक्षात घ्या.

तिन्ही ठिकाणी परदेशी पैसा कमी-अधिक आला आणि गेला. तुमच्या प्रस्तावातही ‘बाहेर पडण्याची योजना’ असा भाग लागेल. तो फार लांबवू नका. अमेरिकेच्या यूएसएडला तो लिहायलाही उसंत मिळाली नाही. जानेवारी 2025 मध्ये पैसा गोठला आणि 1 जुलैपासून ती संस्था परदेशी मदत देईनाशी झाली. देशोदेशीच्या दवाखान्यांना ‘शाश्वतता’ हा शब्द तेव्हा बातम्यांतून कळला.

शेवटच्या बैठकीत एखादी म्हातारी विचारील, “सायेब, पैशे संपल्यावर बी येनार का?” यासाठी मार्गदर्शिकेत तयार उत्तर नाही.

थट्टा इथे थांबवतो. एक गोष्ट मात्र खरेच करा. तुमच्या बैठकीला आलेल्या बाईची त्या दिवशीची खुरपणीची मजुरी बुडते. ती ‘लोकसहभाग’ म्हणून रकान्यात टाकू नका. त्याच दिवशी, रोख, तिच्या हातात द्या.