टेस्टरवाले अप्पा

प्रत्येक सोसायटीत एक अप्पा असतात. नाव अप्पा नसेल तर नाना असेल, भाऊसाहेब असेल; पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो म्हणजे असतोच. नोकरी बँकेत नाहीतर पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत झालेली, विजेशी संबंध एवढाच की बिल मुदतीत भरलं. तरीही निवृत्तीनंतर साऱ्या इमारतीचं विजेचं खातं त्यांच्याकडे आपोआप वर्ग होतं. लग्नाच्या कार्यालयात शिरल्यावर बाकीचे नवरी कुठं आहे ते बघतात, अप्पा बोर्ड कुठं आहे ते बघतात. आणि पंगतीत जिलबी वाढायला आलेल्या माणसाला ऐकवतात, "वायरिंग कच्चं केलंय हो तुमचं."

खऱ्या वायरमनला फोन केला की तो "संध्याकाळी येतो" म्हणतो. कुठल्या दिवसाच्या संध्याकाळी, ते त्यालाच ठाऊक. अप्पा मात्र हाक मारायच्या आत दारात हजर. त्यांच्या कीर्तीचं निम्मं रहस्य एवढंच आहे.

आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी निदान: "लूज कनेक्शन!" (चप्पल ते काढतच नाहीत. रबरी स्लीपर पायात असली की यमसुद्धा हात लावत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे.) पंचाईत अशी की हे निदान पुष्कळदा बरोबर निघतं. सॉकेटमध्ये पितळी पट्ट्या असतात. पिन आत-बाहेर करून करून त्या सैलावतात, नाहीतर मागच्या स्क्रूखालची तार ढिली होते. मग आतल्या आत ठिणग्या उडतात, तिथं उष्णता साठते, प्लॅस्टिक आधी पिवळं आणि मग तपकिरी पडतं, आणि मिक्सर लावला की शाकाहारी घरात मासळीच्या वळणाचा वास येतो. अशा सॉकेटची दुरुस्ती करायची नसते, ते काढून नवीन बसवायचं असतं. पण नवीन सॉकेट आणणं म्हणजे अप्पांच्या कलेचा अपमान. ते टेस्टरच्या टोकानं पट्ट्या दाबतात, वरून काळी टेप गुंडाळतात आणि सांगतात, "आता दहा वर्षं बघायला नको." हे काम चालू असताना मेन अर्थातच चालू असतो.

टेस्टरवर त्यांची श्रद्धा अढळ आहे. उजव्या भोकात घातला, दिवा लागला. हे ठीक, अर्थिंगचं मोठं भोक वर असेल तर समोरून बघताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मग डाव्या भोकात घातला, तिथंही दिवा लागला. तुम्ही-आम्ही इथं घाबरतो. अप्पा खुलतात. "डबल फेज आलाय!" ही बातमी पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते. एकच फेज घेतलेल्या घरात दुसरा कुठून येणार, असं त्यांना विचारायची कोणाची टाप नाही. खरं म्हणजे न्यूट्रल कुठंतरी तुटलेला असतो आणि चालू ठेवलेल्या ट्यूबमधून नाहीतर पंख्यातून फेजच वळसा घालून डाव्या भोकात आलेला असतो. सगळी बटणं बंद केली की तो दिवा बहुधा विझतो. हाच न्यूट्रल खाली इमारतीच्या सामायिक लाइनवर तुटला, तर काही घरांत २३० व्होल्टच्या जागी ३०० च्याही वर जातात आणि टीव्ही, फ्रिज एकदमच राम म्हणतात. अशा वेळी डबल फेजवर परिसंवाद भरवण्यापेक्षा मेन बंद करावा आणि वीज कंपनीला फोन लावावा.

टेस्टर तरी बिचारा काय सांगणार? आत एक छोटा निऑन दिवा आणि एक मोठा रोध. आपण मागच्या टोपणाला बोट लावतो, तेव्हा अगदी बारीक प्रवाह आपल्या अंगातून जमिनीत जातो आणि दिवा लागतो. म्हणजे मंडलातला एक भाग स्वतः अप्पाच असतात! न्यूट्रल धड आहे का, अर्थिंग आहे का, यातलं त्याला काही कळत नाही. दिवा लागला नाही म्हणजे तारेत वीज नाही, हेही खरं नाही. टेस्टरच बिघडलेला असू शकतो.

मध्यंतरी अप्पांनी एका घरात बोर्ड बसवून दिला. फेज आणि न्यूट्रल उलटे लागले. दिवा तरीही लागला, पंखाही फिरला, त्यामुळे अप्पांचं काम पास. फरक एवढाच की आता बटण न्यूट्रल तोडतं. बटण बंद, दिवा बंद, पण होल्डरमध्ये फेज जिवंत. त्या घरातले आजोबा बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि चढल्यापेक्षा जास्त वेगानं खाली आले. अप्पा म्हणाले, "वयानुसार हात कापतो."

फ्यूजच्या बाबतीत ते उदार आहेत. जुन्या घरातला चिनी मातीचा किटकॅट फ्यूज. एक बारीक तार घातली की उडते, म्हणून अप्पा चार पेडी घालतात. फ्यूज पुन्हा म्हणून उडत नाही. पुढं भिंतीतली वायर उडते, तो भाग वेगळा. किटकॅट गेले, एमसीबी आले, तरी स्वभाव तोच: "हा खटका फार नाजूक आहे. दहाचा काढून बत्तीसचा टाकू." खटका वारंवार पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर खेचतो आणि साधं छोटं सॉकेट असतं ६ अँपिअरचं, म्हणजे १३८० वॉटपर्यंतचं. गीझरला, इस्त्रीबरोबर हीटर लावायचा असेल तर त्यालाही, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि त्याला साजेशी जाड वायर लागते. अप्पा मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर देतात. स्वतःच्या पैशानं आणून देतात, हे विशेष.

ही तीन गोल पिनांची तऱ्हा साहेबाची. १९३४ च्या ब्रिटिश मानकातली. साहेबानं १९४७ मध्ये स्वतःच्या घरासाठी चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं आणि गोल पिना आपल्याकडे राहिल्या. पण त्यात डोकं आहे. वरची अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते; जाड, म्हणजे ती फेजच्या भोकात जाऊच नये, आणि लांब, म्हणजे लावताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं. चांगल्या सॉकेटात खालच्या दोन भोकांना पडदे असतात, ते हीच पिन आत गेल्यावर उघडतात. लहान मुलानं खिळा घालू नये म्हणून केलेली सोय. त्यावर अप्पांचा तोडगा: वरच्या भोकात काडेपेटीतली काडी घालायची आणि दोन पिनांचा चार्जर खुशाल लावायचा. शेजारी नातू उभा राहून हे सगळं लक्षपूर्वक बघत असतो.

आमच्या अप्पांच्या घरी एकदा खरा वायरमन आला. अप्पा गावाला गेले होते, म्हणून काकूंनी संधी साधली. आयटीआयला तारतंत्रीचा कोर्स केलेला पंचविशीतला पोरगा. बाथरूमपाशी वॉशिंग मशीनच्या समोर जेवणाचा लाकडी पाट मांडलेला होता, पितळी फुल्यांचा, बहुधा काकूंच्या रुखवतातला. पोरगा थबकला.

"काकू, हा पाट इथं कशाला?"

"मशीनला हात लावला की मुंग्या येतात रे. हे म्हणाले, पाटावर उभी राहत जा, काही होत नाही."

पोरानं पिशवीतून होल्डरला दोन वायरी लावलेला टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रल: दिवा लख्ख. फेज आणि अर्थिंग: काही नाही. मग त्यानं पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर मेन बंद केला. सॉकेट उघडलं. वरच्या भोकामागचा स्क्रू मोकळा. कधी तार लागलीच नव्हती. मशीनच्या पिनेतली हिरवी वायरही छाटून, टोकाला टेप लावून, नीट घडी घालून ठेवलेली. मशीनच्या अंगावर आलेल्या विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती; ती काकूंची वाट बघत बसलेली.

एवढ्यात अप्पा परतले. एसटी लवकर लागली होती.

"मेन कशाला बंद केलायस?"

"काम करायचंय ना, काका."

"मेन बंद करून काय, कोणीही करेल!"

माझ्या मते अप्पा नावाच्या माणसाचं सगळं चरित्र या एका वाक्यात आहे. पोरगा हसला नाही, वादातही पडला नाही. "काका, हिरवी वायर कोणी कापली?" एवढंच त्यानं विचारलं. "ती शोभेची असते," अप्पा म्हणाले, पण आवाज पडला होता. पुढं शोध खाली पार्किंगमध्ये गेला. इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा, तांब्याच्या पट्टीभोवती कोळसा आणि मिठाचे थर दिलेला, उन्हाळ्यात ज्यात पाणी घालायचं असतं तो, पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेला होता. ब्लॉक बसवताना सोसायटीच्या वतीनं देखरेखीला कोण उभं होतं, ते मी सांगत नाही.

मग अर्थिंगची नवी तार ओढली आणि मेनजवळ आरसीसीबी बसला. एमसीबी जादा भार आणि शॉर्ट सर्किटसाठी असतो, माणसाला शॉक बसताना तो ढिम्म हलत नाही. घरात लावतात तो आरसीसीबी ३० मिलीअँपिअर गळती झाली तरी खटका पाडतो. अप्पांनी त्याला लगेच नाजूक ठरवलं आहे. काकूंनी त्याला हात लावायची बंदी केली आहे.

तुमच्या मेनजवळ असा आरसीसीबी असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. वीज चालू असताना महिन्या-दोन महिन्यांनी ते दाबून बघा. खटका ताबडतोब पडायला हवा. नाही पडला, तर परवाना असलेल्या वायरमनला बोलवा, आणि तो "संध्याकाळी" येईपर्यंत तुमच्या अप्पांना चहावर बसवून ठेवा.