वन आरकेमध्ये दार लावून प्रार्थना कशी करावी

मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने प्रार्थनेची जागा नेमून दिली आहे: आतली खोली, आणि तिचं दार लावलेलं. प्रभूच्या शब्दाला फाटे फोडण्याची आमची प्राज्ञा नाही. पण नालासोपाऱ्यात भाड्याने मिळणाऱ्या वन आरकेत दार लावता येईल अशी आतली खोली एकच असते, आणि तिच्यात बादली असते. एकट्याने मूल वाढवणाऱ्या ख्रिस्ती पालकाची साधना तिथूनच सुरू होते.

साहित्य: मोबाइल एक, मूल एक, वय चार ते बारा. त्यापुढच्या वयाला हे मार्गदर्शन लागू नाही. तेव्हा दार लावून तेच बसतं.

खोलीत जाताना मोबाइल बाहेर ठेवावा. ठेवणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, कारण आजचं वचन मोबाइलमध्येच असतं. वचन उघडावं, तोवर वरून एक सूचना घरंगळत येते आणि थोड्याच वेळात आपण अलिबागच्या कुणा अनोळखी बाईचं भरलं पापलेट एकाग्र चित्ताने पाहत असतो. मग दारावर थाप पडते. "मम्मी, प्रार्थना करतेस की रील बघतेस?" खोटं बोलू नये. मुलांना आवाजावरून कळतं. प्रार्थनेला पार्श्वसंगीत नसतं.

यावर एक जुना तोडगा आहे. जॉन आणि चार्ल्स वेस्ली या मेथडिस्ट बंधूंची आई सुझॅना हिला एकोणीस मुलं झाली. त्यातली बरीच तान्हेपणीच गेली, तरी उरलेली घर डोक्यावर घ्यायला पुरेशी होती. नवरा राजकारणावरून रुसून काही महिने घर सोडून गेला, तेव्हा सगळं तिच्या एकटीवर आलं. आख्यायिका अशी की प्रार्थनेच्या वेळी ती एप्रन डोक्यावरून ओढून घ्यायची आणि मुलांनी समजायचं, आता आईशी बोलायचं नाही. आम्ही कॅथलिक असलो तरी चांगली युक्ती कुठूनही घ्यावी. एप्रनऐवजी ओढणी चालेल, एकट्या बापाला टॉवेल. ओढणीतून निळसर उजेड बाहेर दिसत असेल तर साधना फसली असं समजावं.

पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली विचारलं होतं, बायबलला आपण मोबाइलसारखं वागवलं तर काय होईल? पोपना मुलं नसतात. आमच्या घरांत मोबाइलला वागवतात ते असं: कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मुलाच्या हातात देतात आणि मूल गप्प बसतं. बायबल देऊन पाहा. दाविदाने गल्याथाला गोफणीने पाडलं इथवर शांतता टिकते. मग "दगड केवढा होता? गल्याथाला आई होती का? तिला कुणी सांगितलं?" आणि कुकर सातव्या शिट्टीवर. वरण लागलं तरी हा प्रयोग आठवड्यातून एकदा करायला हरकत नाही.

आता डीपीचा प्रश्न. नाताळानंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो आणि चर्चच्या ग्रुपवरचे सगळे डीपी एका रात्रीत बदलतात: नवरा, बायको, दोन मुलं, मागे गोठा. आपण दोघांचाच फोटो लावला की सहानुभूती सुरू होते, न लावला की चौकशी. अशा वेळी शुभवर्तमान पुन्हा चाळावं. येशू उपदेशासाठी घराबाहेर पडल्यावर योसेफ कुठेच दिसत नाही. तोवर मरिया विधवा झाली होती असं परंपरा मानते. ज्यांच्या नावाने हे डीपी बदलतात, त्यांच्या घरीही पुढे एकच पालक उरला होता. हे ग्रुपवर टाकू नये. अ‍ॅडमिन बाई प्रेमळ आहेत, पण त्यांना चर्चा झेपत नाही.

उपवासकाळ म्हटला की चाळीस दिवस फेसबुक सोडल्याची घोषणा फेसबुकवर करण्याची प्रथा आहे. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हेही त्याच सहाव्या अध्यायात आहे. तिथे अंगठ्याचा वेगळा उल्लेख नाही, एवढीच पळवाट. एकट्या पालकाला मोबाइल बंद करणं तसंही परवडत नाही. संध्याकाळी विरार लोकल अडकली तर मूल शेजारच्या काकूंकडे थांबेल की नाही, हे त्याच यंत्रावर ठरतं. म्हणून मोबाइल चालू ठेवून फक्त बोट आवरायचं, आणि ते मांसमच्छी सोडण्यापेक्षा अवघड आहे.

मुलाला धडा द्यायचा तर संत कार्लो अकुतिस आहेत. २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला हा इटालियन मुलगा २०२५ मध्ये संत घोषित झाला. तो आठवड्यातून एकच तास व्हिडिओ गेम खेळायचा, हे मुलाला ठासून सांगावं. त्याने ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची वेबसाइट केली, हे सांगू नये. आम्ही सांगितलं. "मग त्याला कॉम्प्युटर किती तास देत होते?"

मुलाच्या वडिलांचा "पुढच्या आठवड्यात पैसे टाकतो" हा मेसेज आला की क्षमा करावी. सातांच्या सत्तर वेळा, म्हणजे ४९०. मोबाइलच्या नोट्समध्ये हिशेब ठेवावा. काही अभ्यासक मूळ आकडा ७७ मानतात, पण मध्येच पद्धत बदलू नये.

धर्ममातेचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज मात्र वेगळं प्रकरण आहे. मूल मिस्साला का येत नाही, त्याचे संस्कार, तुझी ड्यूटी. उत्तर लिहायला घेण्याआधी पंडिता रमाबाईंना आठवावं. १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी मुलीसह इंग्लंडला जाऊन रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि मनोरमेला कोणत्या शिस्तीत वाढवायचं यावरून तिथल्या अँग्लिकन सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. रमाबाई हटल्या नाहीत. ती पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुस्तक करून छापली.

तेव्हा उत्तर लिहावंच, पण शुद्धलेखन तपासून.